तळाशी बसलेली माती : मांजरा खोऱ्याच्या निमित्ताने

प्रस्तावना पुस्तकाची लिहायची की विषयाची, हा प्रश्न पहिल्याच ओळीला पडला आणि मी विषयाच्या बाजूने कौल दिला. पुस्तक आपले आपण बोलेल. विषय मात्र आपल्याकडे अजून धड कुणी बोलत नाही. ‘वाळवंटीकरण’ हा शब्द मराठीत वर्तमानपत्राच्या मथळ्यातून आला आणि तिथेच राहिला. एप्रिल उजाडतो, टँकर सुरू होतात, ‘मराठवाड्याचे वाळवंट होणार’ असे छापून येते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग आले की ते वाळवंट आपोआप रद्द होते. पुढच्या एप्रिलपर्यंत त्याची कुणाला आठवण नसते. खरे वाळवंटीकरण या वेळापत्रकाने चालत नाही. ते भर पावसाळ्यातही चालू असते, किंबहुना आपल्या भागात ते पावसाळ्यातच अधिक जोमाने होते. हे विधान विचित्र वाटले तर हरकत नाही. पुढची पाने त्यासाठीच आहेत.

मी हैदराबादचा. सनतनगरच्या आमच्या घरी नळाला यायचे त्या पाण्याला आळीत सगळे ‘मंजीराचे पाणी’ म्हणत. आजी तेवढी ‘मांजरेचे’ म्हणायची, कारण तिचे माहेर त्याच नदीच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या उतारावर. तेलुगू मंजीरा आणि मराठी मांजरा एकच, हे मला भूगोलाच्या पुस्तकाने शिकवले नाही, आजीने शिकवले. नळ सोडताना ती म्हणायची, “माहेरचं पाणी आलं बघ.” त्या पाण्याबरोबर माहेरची मातीही खाली येत होती, हे तिला ठाऊक होते की नाही, सांगता येत नाही. मला ते कळायला आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे नकाशे बघण्यात घालवावी लागली.

नकाशावर गोष्ट सोपी दिसते. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात मांजरा उगम पावते. पूर्वेकडे येताना तेरणा, तावरजा, घरणी या नद्या पदरात घेते, बीदर जिल्ह्यातून तेलंगणात शिरते, संगारेड्डीच्या आसपास एकाएकी उत्तरेला वळते आणि निजामाबाद जिल्ह्यात कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. लांबी ७२४ किलोमीटर. खोरे सुमारे ३१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यासारखी आठ राज्ये त्यात मावतील. वरचा भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या खडकाचा, बीदरला जांभा, खाली मेदक-संगारेड्डीकडे ग्रॅनाइट आणि तांबडी माती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे जवळजवळ सगळे खोरे एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी हैदराबाद होती. त्या दिवशी भाषेच्या न्यायाने खोऱ्याचे तुकडे झाले. तो न्याय मला मान्य आहे. पण नदी काही भाषावार वाहत नाही. तेव्हापासून उगम मराठीत, मधला भाग कानडीत आणि मुख तेलुगूत अशी विभागणी आहे. मातीच्या नोंदी तीन राज्यांच्या तीन खात्यांत, विहिरींच्या नोंदी आणखी तीन खात्यांत. संपूर्ण मांजरेचा विचार करणे हे कुणाच्याच नेमणुकीच्या पत्रात लिहिलेले नाही.

२०१६ साली या विभागणीचा अर्थ उघडा पडला. २०१५ चा पाऊस गेलेला. बीड जिल्ह्यात धनेगावला बांधलेले मांजरा धरण कोरडे पडले आणि त्यावर विसंबलेले लातूर शहरही. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. तिची छायाचित्रे जगभर गेली. त्याच महिन्यांत, त्याच नदीवर खाली, सिंगूर धरणही तळाला गेले होते आणि हैदराबादचा मंजीराचा पुरवठा थांबला होता. हैदराबादच्या मुसी नदीच्या खोऱ्यातले उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलावही कोरडे होते. पण हैदराबादची छायाचित्रे कुठे गेली नाहीत, कारण हैदराबादला रेल्वे लागली नाही. कृष्णेचे पाणी शहरात २००४ पासून येत होते, गोदावरीचे २०१५ च्या अखेरीस नुकतेच येऊन पोहोचले होते. आमच्या नळाला फक्त पाण्याची चव बदलली.

हैदराबादचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. हुसेनसागर सोळाव्या शतकातला. १९०८ च्या सप्टेंबरात मुसीला महापूर आला, अभियंते विश्वेश्वरय्या यांना पाचारण झाले आणि पुराला आवर घालायला म्हणून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) झाले. तेच पुढे शहराचे पाणवठे बनले. ते पुरेनात तेव्हा १९६५ ला मांजरा, नव्वदीच्या दशकात सिंगूर, मग कृष्णा, मग गोदावरी. शहराने दर पिढीत हात आणखी लांब केला. ज्याचा हात लांब त्याला आपल्या अंगणातल्या विहिरीची खबर लागत नाही. एकाच नदीवर, एकाच वर्षी दोन शहरांचे पाणी आटले आणि एकाला आणीबाणी लागली, दुसऱ्याला कळलेही नाही. शास्त्रात जोखीम म्हणतात ती हीच. संकट दोघांवर सारखे, सोसण्याची ऐपत वेगळी. ‘जोखीम’ हा शब्द आपल्याकडे विमा एजंटामुळे घरोघर पोहोचला आहे, पण त्यातले हे दोन भाग अजून वेगळे करून पाहिले जात नाहीत.

आणि २०१६ च्या सप्टेंबरात काय झाले? धो धो पाऊस. सिंगूर भरले, मांजरा धरण ऑक्टोबरपर्यंत भरून वाहू लागले, लातुरात लोकांनी साखर वाटली असेल तर मला नवल वाटणार नाही. दुष्काळ फिटला. इथेच दुष्काळ आणि वाळवंटीकरण यांची फारकत होते. दुष्काळ हे पाण्याचे देणे आहे, ते एका चांगल्या पावसाने फिटते. वाळवंटीकरण हे मातीचे देणे आहे. त्या सप्टेंबरच्या पावसाने धरण भरले आणि त्याच पाण्याबरोबर उघड्या शिवारातून किती माती गेली, ते कुणी विचारले नाही. इंचभर माती घडायला कित्येक शतके लागतात. ती जायला मृगाच्या दोन सरी पुरतात.

व्याख्येचाही घोळ इथेच निस्तरून घ्यावा. संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार १७ जून १९९४ रोजी मंजूर झाला, भारताने तो १९९६ च्या डिसेंबरात कायम केला. त्यातली व्याख्या म्हणते की शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या-उपआर्द्र प्रदेशांत हवामानातील फरकांमुळे, माणसाच्या वागण्यामुळे किंवा दोन्हींमुळे जमिनीचा कस जाणे म्हणजे वाळवंटीकरण. गंमत अशी की अतिशुष्क प्रदेश, म्हणजे ज्याला आपण खरेखुरे वाळवंट म्हणतो तो, या व्याख्येत येतच नाही. जे आधीच वाळवंट आहे त्याचे वाळवंटीकरण काय होणार! कोण आत, कोण बाहेर हे ठरवायला वर्षाचा पाऊस आणि त्या हवेत उडून जाऊ शकणारे पाणी यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.२ ते ०.५ मध्ये असेल तर प्रदेश निमशुष्क. मांजरेच्या वरच्या-मधल्या खोऱ्यात पाऊस साधारण ७००-८०० मिलिमीटर धरा आणि हवेची तहान सतराशेच्या घरात. गुणोत्तर ०.४ ते ०.४७ येते. म्हणजे खोरे निमशुष्क, व्याख्येत चपखल बसणारे. वाळूचा कण नसला तरी.

वाळू डोक्यातून काढायला जगालाही वेळ लागला. ‘डेझर्टिफिकेशन’ हा शब्द रूढ केला तो ओब्रेव्हिल या फ्रेंच वनशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये, आणि तो बोलत होता ते आफ्रिकेतल्या जंगलतोडीने उघड्या पडलेल्या जमिनीबद्दल. पुढे सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात भीषण दुष्काळ पडला, १९७५ मध्ये सुदानच्या एका पाहणीने वाळवंटाची सीमा सतरा वर्षांत ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला सरकल्याचे सांगितले आणि १९७७ ला नैरोबीत जागतिक परिषद भरली. वाळवंट चाल करून येते आहे हे चित्र लोकांच्या मनात ठसले. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे उपग्रहचित्रे आणि जमिनीवरची पाहणी जुळवून पाहिली, तर तशी सरळ चाल आढळली नाही. पावसाबरोबर हिरवळ मागे-पुढे होत होती. एका ओल्या वर्षाची तुलना एका कोरड्या वर्षाशी केली की वाळवंट हवे तितके पळवता येते.

हा धडा मांजरेला लागू करायचा तर १९७२ हे साल डोळ्यासमोर आणावे. महाराष्ट्रातला तो दुष्काळ. त्याच वर्षी हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह आकाशात गेला. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण यंत्रणाही १९७२ चीच. म्हणजे दख्खनच्या कोरडवाहू जमिनीकडे नीट बघायला आपण लागलो तेच आयुष्यातल्या सर्वांत वाईट वर्षी. तिथून मोजायला सुरुवात केली तर पुढचे प्रत्येक वर्ष सुधारणा दाखवते. आणि मोजणी २०१५ ला थांबवली तर सगळे रसातळाला गेलेले दिसते. सुरुवात कुठून आणि शेवट कुठे, हे ज्या अहवालात पहिल्या दोन पानांत सांगितलेले नाही तो अहवाल मी तरी पुढे वाचत नाही.

आता देशाचा हिशेब. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने देशभरातल्या संस्थांना सोबत घेऊन नकाशासंग्रह काढला. २०११-१३ च्या उपग्रहचित्रांवरून देशाची ९.६४ कोटी हेक्टर, म्हणजे २९.३ टक्के जमीन कस गमावत असल्याचे त्यात आहे. २०१८-१९ च्या चित्रांवरून आकडा ९.७८ कोटींवर गेला. महाराष्ट्राचा वाटा त्याच्या क्षेत्रफळाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास, तेलंगणाचा तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ. पण मला त्यातला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो. देशात वाऱ्याने होणारी धूप साडेपाच टक्के क्षेत्रावर आहे आणि पाण्याने होणारी अकरा टक्क्यांवर. आपल्याकडे वाळवंट बनवणारे सर्वांत मोठे हत्यार पाणी आहे. ज्याच्या नावाने आपण वर्षभर रडतो, तेच.

याचा सर्वांत जुना आणि सर्वांत सच्चा पुरावा कुठल्याही उपग्रहाजवळ नाही. तो निजामसागरात आहे. हैदराबाद संस्थानचे अभियंते अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली मांजरेवर हे धरण १९३१ ला पुरे झाले. तेव्हाची साठवण सुमारे ३० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. गाळ किती येईल याचा अंदाज बांधणाऱ्यांनी केला होताच. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट आला. सत्तरीच्या दशकापर्यंत साठवण १२ टीएमसीच्या खाली उतरली होती. अर्ध्याहून अधिक धरण चाळीस-पन्नास वर्षांत मातीने भरले. ती माती आकाशातून पडली नाही. ती बीडच्या बरडावरून, धाराशिव-लातूरच्या काळ्या शिवारातून, बीदरच्या माळावरून, मेदकच्या तांबड्या रानातून आली. वरच्या प्रत्येक गावाने आपापला हप्ता भरला आणि पावती कुणालाच मिळाली नाही. पुढे धरणाची पातळी वाढवून काही साठवण परत मिळवली. वर मांजरा धरण, सिंगूर झाले, त्यांनी आपापल्या पोटात गाळ अडवायला सुरुवात केली, त्यामुळे निजामसागराचा ताप कमी झाला असेल. वरची धूप थांबली असा त्याचा अर्थ नाही. माती आता वाटेत दुसऱ्या तळाला बसते, इतकेच.

अभ्यासक विचारतात, या खोऱ्याची जोखीम मोजायची कशी? मी म्हणतो, आधी धरणांच्या तळाला विचारा. मग आकाशातून बघा. उलट क्रमाने गेलात तर फसाल. कसे, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण सगळी मेख इथे आहे.

युरोपात नव्वदीच्या दशकात भूमध्य समुद्राच्या काठच्या कोरड्या भागांसाठी ‘मेडालस’ नावाची पद्धत बसवली गेली. ग्रीसचे लेस्बोस बेट, इटलीतले आग्री नदीचे खोरे, पोर्तुगालचा आलेंतेजू इथे ती आधी वापरली. जगभरच्या नदीखोऱ्यांत, आपल्याकडेही, तिच्या आवृत्त्या चालतात. माती, हवामान, झाडोरा आणि माणसाचे व्यवस्थापन या चार बाबींना १ ते २ असे गुण द्यायचे. १ म्हणजे उत्तम, २ म्हणजे वाईट. चारांचा गुणाकार करून त्याचे चौथे मूळ काढायचे. १.१७ च्या आत आले तर जमीन निर्धोक, १.३८ पासून पुढे गंभीर. मधल्या पट्टीचा वरचा भाग ‘नाजूक’. पद्धत सुटसुटीत आहे, म्हणून लोकप्रिय आहे.

समजा, मांजरेकाठची एक उसाची पट्टी घेतली. माती उथळ, १.६. हवामान १.५. व्यवस्थापन १.४. झाडोरा उपग्रहाला विचारला तर तो म्हणतो, वर्षभर गर्द हिरवे, १.०. उत्तर येते १.३५, नाजूक पण गंभीर नाही. आता त्या उसाच्या मुळाशी जे पाणी आहे ते आठशे फुटांवरच्या बोअरचे आहे आणि बोअर दोन वर्षांत आटणार आहे, हे लक्षात घेऊन झाडोऱ्याला १.६ दिले तर उत्तर १.५२. गंभीर. जमीन तीच, शेतकरी तोच, फक्त हिरव्या रंगावर विश्वास ठेवायचा की नाही एवढाच फरक. बेसॉल्टच्या भेगांत पाणी राहते ते खडकाच्या शेकडा एक-दोन-तीन भागांइतके. तो रांजण नव्हे, लोटा आहे. लोट्यातून वर्षभर ऊस पाजायचा आणि आकाशातून त्याला शाबासकी द्यायची! भूजल तोलणारे ग्रेस मालिकेतले उपग्रह २००२ मध्ये फिरू लागले खरे, पण त्यांची नजर शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यावर असते. एकटी मांजरा त्यांना वेगळी दिसत नाही.

वेडी बाभूळ हा याच फसवणुकीचा दुसरा नमुना. ओसाड गायरानावर, तळ्याच्या पोटात, जिथे दुसरे काही येत नाही तिथे ती येते आणि उपग्रहाच्या लेखी ‘झाडोरा वाढला’. याच्या उलट माळरान. कुसळीचे, पवन्याचे गवत चार महिने उभे असते, आठ महिने पिवळे. पिवळे म्हणजे पडीक, पडीक म्हणजे ओसाड. आमच्याच हैदराबादच्या बालानगरात, राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात देशातल्या ओसाड जमिनीचे नकाशे बनले. काम मोठे आहे, त्याबद्दल मला आदर आहे, पण ‘ओसाड’ या शब्दाबद्दल नाही. धनगराच्या मेंढ्या, खोकड, लांडगा, एके काळी माळढोक ज्या माळावर जगले तो माळ ओसाड कसा? इंग्रज अंमलात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया गेलेली, ही महसुली नजर आपण उपग्रहाच्या डोळ्याला चिकटवली आहे. जोखीम मोजणाऱ्याने पहिल्यांदा हे भिंग काढून ठेवावे. चांगले माळरान माती धरून ठेवते. ते नांगरून सोयाबीन टाकले की रंग जुलैपासून हिरवा होतो आणि माती जायला लागते.

आजकाल संयुक्त राष्ट्रांची दुसरी रीत पुढे आली आहे. जमिनीचा वापर, तिची उत्पादकता, मातीतला सेंद्रिय कर्ब, या तिघांपैकी एक जरी घसरले तरी जमीन घसरली असे धरायचे. ही मला जास्त प्रामाणिक वाटते. मेडालसच्या गुणाकारात एका विषयात नापास पोरगा दुसऱ्या विषयाच्या जोरावर वर जातो. इथे तसे नाही. फक्त आपल्या मातीतल्या कर्बाचे खूप मागले माप हाताशी असेल तरच घसरण दिसेल. कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असणे आपल्याकडे इतके सर्रास आहे की ती घसरण न वाटता स्वभावच वाटतो.

माती जाते कशी, याचे उत्तर पटनचेरूला आहे. इक्रिसॅटच्या आवारात काळी आणि तांबडी दोन्ही माती, आणि नक्कावागू ओढ्यामार्गे तेही मांजरेचेच खोरे. तिथे १९७६ पासून काळ्या जमिनीचे दोन तुकडे शेजारी शेजारी राखले आहेत. एकात जुनी रीत, म्हणजे पावसाळाभर जमीन उघडी ठेवायची आणि ओल धरली की रब्बीची ज्वारी पेरायची. दुसऱ्यात रुंद वाफा-सरी, पावसाळ्यातही पीक, पाण्याला हळू उतार. पहिल्यात हेक्टरी उत्पन्न टनाच्या आसपास राहिले, दुसऱ्यात पाच टनांच्या घरात गेले. आणि मातीची धूप पहिल्यात सहा टनांच्या वर, दुसऱ्यात दीड टन. माझ्या आजीच्या माहेरची सगळी शेती पहिल्या तुकड्यासारखी होती. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाय रुतायचा, औत चालायचे नाही, पाऊस दगा देईल ही धास्ती. म्हणून जमीन पडीक ठेवायची. आळस नव्हता, हिशेब होता. पण नेमक्या जोरदार पावसाच्या दिवसांत माती उघडी राहायची. तिच्या अंगावर पडणारा प्रत्येक थेंब तिला थोडी सुटी करायचा. निजामसागराचा गाळ असा तयार झाला.

हा प्रयोग जवळजवळ पन्नास वर्षे डोळ्यासमोर असून खोऱ्यात का पसरला नाही, हा प्रश्न मातीचा नाही, बाजाराचा आहे. पसरले ते सोयाबीन. लातूरच्या आडतीत त्याला भाव होता. खरिपात जमीन झाकली गेली हे खरे, पण ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरे गेली, जनावरे गेली तसे शेणखत गेले. एक भोक बुजवले, दुसरे पडले. हे कुठल्याच निर्देशांकाच्या चार खान्यांत नीट बसत नाही.

माणसेही बसत नाहीत. मांजरेच्या उगमाकडची गावे, पाटोदा, केज, धारूर या भागातली, दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात. घराला कुलूप, म्हातारी आणि शाळकरी पोरे मागे, जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला. खोऱ्याच्या माथ्यावर जमीन पोसेना म्हणून माणसे बाहेर पडतात आणि जाऊन तोडतात तो ऊस, जो अशाच दुसऱ्या कुठल्या लोट्यातले पाणी पितो. माझ्या मते कुलूप लागलेल्या दारांची मोजणी ही झाडोऱ्याच्या कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक आधी धोका सांगते. जमीन कस गमावते तेव्हा ती आधी कर्ज मागते, मग बोअर मागते, मग माणूस बाहेर काढते. उपग्रहाला दिसते ते सगळ्यांत शेवटी.

एक गाठ मात्र मला सुटलेली नाही आणि ती सुटल्याचे सोंग करणार नाही. हैदराबादच्या हिमायतसागरावर झालेल्या अभ्यासांत दिसले की पाणलोटातला पाऊस फारसा घटलेला नसताना तलावात येणारे पाणी घटले आहे. वर विहिरी-बोअर वाढले, बांधबंदिस्ती झाली, बंधारे झाले. पाणी वरच अडले. मांजरेलाही ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’चे चार-पाच अवतार होऊन गेले, जलयुक्त शिवार त्यातला ताजा. वरच्या गावाच्या दृष्टीने हे वाळवंटीकरण थांबवणे आहे, माती आणि पाणी दोन्ही वावरात राहते. खालच्या धरणाच्या दृष्टीने हीच गोष्ट आटणे आहे. बीडच्या बांधावर उभे राहून काढलेला जोखमीचा नकाशा आणि संगारेड्डीच्या धरणावर उभे राहून काढलेला नकाशा एकमेकांना खोटे ठरवतात, आणि दोन्ही खरे असतात. माझा कल वरच्या गावाकडे आहे, त्यात आजीचे माहेर असण्याचा भाग किती, ते वाचकाने ठरवावे. खालच्या शहराचा हात लांब आहे. वरच्या शेतकऱ्याचा बांधापर्यंतच पोहोचतो.

गेल्या काही उन्हाळ्यांत मी निजामसागराच्या आणि भोवतालच्या तलावांच्या काठाने हिंडलो. तेलंगणाने २०१५ मध्ये ‘मिशन काकतीय’ सुरू केले, महाराष्ट्राने पुढे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. दोन्हीत कल्पना एकच, तळ्यातला गाळ शेतात. पोकलेन तळाला कुरतडत असतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. तांबड्या रानावर तो काळा चिकणा गाळ पसरला की ओल जास्त दिवस टिकते, म्हणून त्याला मागणी आहे. ट्रॉली डिझेल परवडेल तितकीच लांब जाते, पाच-सात किलोमीटर. बीड तिथून फार दूर आहे. एका शेतकऱ्याने मूठभर गाळ माझ्या हातावर ठेवला आणि त्याचे तेलुगू नाव सांगितले, ‘ओंड्रु मट्टी’. वाळलेला होता, काळा, बोटांत दाबला की पिठासारखा होणारा. आजीच्या परसात अशीच माती होती. त्याने विचारले, तुमच्या गावाला काय म्हणतात हिला? मी म्हटले, काळी.